दहाव्याला आलेली मोरघार

झाशीहून बबीन्याला जाणारी सडक सोडून डावीकडच्या कच्च्या रस्त्याला लागलं, की गव्हाची शेतं, एक बंद पडलेली वीटभट्टी आणि श्यामसुंदरचा गोठा ओलांडून अंबिकाबाईंचं घर येतं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर गच्ची. घरात बघण्यासारखं काही नाही. पण सकाळी गच्चीवर ऊन आलं की जो प्रवेश होई तो मात्र बघण्यासारखा असे. आधी जिन्यावर काठीचा आवाज. मग कठड्यावर चहाचा पेला ठेवल्याचा आवाज. मग नवऱ्याच्या, हरिभाऊंच्या, जुन्या मफलरात गुंडाळलेलं डोकं वर येई, आणि शेवटी गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या अंबिकाबाई पूर्ण दिसत. त्या आधी समोरच्या खडकाळ टेकडीकडे बघत, मग तलैया म्हणतात त्या लहानशा तळ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाकडे, मग विजेच्या तारांकडे. मुरलेला नट पडद्याच्या फटीतून प्रेक्षागृह किती भरलंय ते एका नजरेत पाहून घेतो, तसं.

"काय, आली का मंडळी?" खालून हरिभाऊ विचारत.

"तारेवर कापशी घार बसलीय. टेकडीवर अजून कुणी नाही."

"येतील, येतील. तिकिटाच्या रांगेत असतील."

हा संवाद रोजचा. शब्द थोडे इकडेतिकडे होत, पण खेळ कधी रद्द झाला नाही.

अंबिकाबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही झाशीच्या रेल्वे कॉलनीतलं. वडील वर्कशॉपात होते, नवरा मालगाडीचा गार्ड. कॉलनीतल्या मराठी मंडळाचं दर गणपतीत नाटक होई, आणि त्यात हरिभाऊ राजा असत, सेनापती असत, काही नसेल तर निदान दवंडी पिटणारे असत. आवाज असा, की पहिल्या घंटेआधीच मागच्या रांगेतली पोरं चूप होत. अंबिकाबाईंनाही एकदा दासीची भूमिका दिली होती. एकच वाक्य होतं. तालमीत ते त्यांनी शंभरदा म्हटलं आणि प्रयोगाच्या दिवशी प्रकाशात पाऊल टाकताच घसा असा मिटला, की राजेसाहेबांना दासीचंही वाक्य स्वतःच म्हणून घ्यावं लागलं. त्यानंतर त्या प्रकाशात कधी गेल्या नाहीत. पण मंडळानं त्यांना सोडलं नाही. विंगेत उभं राहून विसरणाऱ्याला शब्द पुरवायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि त्या कामात त्यांच्या तोडीचं माणूस मंडळाला पुन्हा मिळालं नाही. नटाची पापणी कशी हलली की तो अडणार, हे त्यांना आधी कळे. त्यांचा नियम एकच होता. संहितेत जे आहे तेच सांगायचं. आपल्या पदरचा एक शब्द नाही, नट कितीही केविलवाणा होऊन विंगेकडे बघू दे.

निवृत्तीनंतर हरिभाऊंनी हे घर बांधलं तेव्हा अंबिकाबाई रडल्या होत्या. "माणसाचं तोंड दिसत नाही इथं. मी काय भिंतींना शब्द सांगू?" पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर कुरडया घातल्या आणि हातात काठी घेऊन कावळे हाकलत बसल्या. एका दुपारी कावळ्यांनी अचानक आभाळ डोक्यावर घेतलं. सगळे मिळून कडुनिंबावर तुटून पडत होते आणि मागे सरत होते. अंबिकाबाईंनी निरखून पाहिलं, तर पानांत कबुतराएवढा एक राखी पक्षी बसला होता. लाल डोळे, छातीवर बारीक पट्टे, आणि आजूबाजूला चाललेल्या आरडाओरड्याशी आपला काहीएक संबंध नाही असा चेहरा. तो शिक्रा होता, हे त्यांना मागाहून कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की तो बसला होता तोवर एकाही कावळ्यानं कुरडईकडे ढुंकून पाहिलं नाही. समोर ताट वाढलेलं आहे हे ते विसरूनच गेले. तो उडाला, आणि सगळी फौज परत कुरडयांवर आली.

दुसऱ्या दिवशी अंबिकाबाई काठी खालीच ठेवून वर गेल्या आणि कडुनिंबाकडे बघत म्हणाल्या, "ये रे बाबा. नोकरी पक्की तुझी."

तिथून ते वेड लागलं. चैतन्यनं, त्यांच्या मुलानं, एका वाढदिवसाला पक्ष्यांचं मराठी पुस्तक आणून दिलं. दुर्बीण बबीन्याच्या बाजारातल्या एका भंगारवाल्याकडून आली. फौजेतून बाद झालेली. तिची डावी काच आंधळी होती, म्हणून डावा डोळा मिटून बघायचं. तारेवरून उठून हवेत एकाच जागी थरथरत उभी राहणारी कापशी, थंडीत गव्हाच्या कणसांवरून हात फिरवल्यासारखा जाणारा भोवत्या, ओरछ्याच्या छत्र्यांवरून निघून भर दुपारी उंचावरून जाणारी गिधाडं, सगळी ओळखीची झाली. श्यामसुंदर दूध घालायला आला की आधी विचारी, "काए अम्मा, आज को आओ?" आणि अंबिकाबाई घरात कोण पाहुणे आले ते सांगावं तसं सांगत.

एकच पाहुणी काही जवळ येईना. टेकडीवर दर हिवाळ्यात एक जोडी घिरट्या घाली. इतकी उंच, की आंधळ्या दुर्बिणीत नुसते दोन ठिपके. अंबिकाबाईंचं म्हणणं, ती मोरघार आहे. ससा उचलणारी, मोरावर झडप घालणारी, गरुडाच्या जातीची. हरिभाऊंचं म्हणणं, घार आहे.

"अहो, पंखांची ठेवण बघा!"

"बघितली. घार."

"घारीची शेपटी खाचेची असते."

"हिची खाच लांबून दिसत नसेल. तुझी मोरघार म्हणजे आपल्या मंडळाचा प्रमुख पाहुणा. नाव पत्रिकेत, माणूस कधी येत नाही."

या वादात किती थंड्या गेल्या. माघात हरिभाऊ गेले, तेव्हाही तो सुटलेला नव्हता.

हृदयाचं दुखणं होतं. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात त्यांनी चैतन्यचा हात धरून सांगितलं, "हिला तिथं एकटी ठेवू नकोस. घर विकून टाक, तुझ्याकडे घेऊन जा." अंबिकाबाई तेव्हा दारात उभ्या होत्या, हातात मोसंबीचा रस घेऊन. दोघांनाही त्या दिसल्या नाहीत. साऱ्या जन्माचा जोडीदार आपल्याविषयी बोलतोय आणि आपल्याला विचारत नाही, हे त्यांना लागलं. पण आजारी माणसाशी काय भांडायचं? रस पाजला आणि पेला धुऊन ठेवला.

चैतन्य वाईट मुलगा नव्हता. सिव्हिल लाइन्समध्ये तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता, बँकेत नोकरी होती, आणि त्याची शाळेत शिकवणारी बायको मेघना सासूसाठी खोली तयार करून, नवे पडदे लावून मोकळी झाली होती. त्या खोलीला खिडकी होती. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, आणि भिंतीवर एसीचा डबा. इकडच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. त्याला इथं मॅरेज गार्डन करायचं होतं. तलैयाकाठी रोषणाई, अर्जुन पाडून गाड्यांना जागा, शेतात डीजे.

"मी इथंच राहणार," अंबिकाबाईंनी तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं.

"आई, तू परेशान नको होऊ. तेरावं होऊ दे, मग बसून बोलू."

तेराव्यानंतर बोलायचं म्हणजे सामान बांधून झाल्यावर बोलायचं, हे त्यांना समजत होतं. मेघनानं मायेनं एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलंच होतं. रात्री ती झोपली की अंबिकाबाई त्यातली दोनचार सोडवून परत फळीवर मांडत. सकाळी मेघना काही न बोलता पुन्हा गुंडाळी. आणि उन्हं आली की अंबिकाबाई गच्चीवर जात, सुतक असो नसो. यावर सुहासिनीवन्सं, म्हणजे हरिभाऊंची धाकटी बहीण, ग्वाल्हेरहून आलेल्या, पडवीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "कुंकू पुसलं गेलं आणि दुर्बीण काही सुटली नाही!"

दहाव्याचा विधी तलैयाकाठीच करायचं ठरलं. माणिक चौकातले गजाननगुरुजी भल्या सकाळी आले. चैतन्य गेला, मेघना गेली, आणि बायकांनी जाऊ नये असं सगळ्यांना सांगून सुहासिनीवन्सं स्वतः गेल्या. "माझा सख्खा भाऊ आहे. मला कोण अडवतंय?" अंबिकाबाईंना मात्र बजावलं, "वहिनी, तुम्ही घरातच. तुम्ही यायचं नसतं."

अंबिकाबाई घरातच राहिल्या. गच्ची घरातच मोडते.

दोन शेतं ओलांडून तलैया. मधे मोहरीची पिवळी पट्टी. पाण्याशेजारच्या सपाट दगडावर पिंड ठेवला गेला, सगळे मागे सरून उभे राहिले, आणि त्याच वेळी कावळ्यांचा कल्ला सुरू झाला. केवढा! सगळ्या शिवारातले कावळे आले असावेत. पण पिंडाकडे एकही जाईना. सगळे अर्जुनाभोवती.

या कल्ल्याची जात अंबिकाबाईंना ओळखीची होती. मांजर असलं की कावळे खाली बघून ओरडतात. हे वरून झेप घेत होते, मागे सरत होते. त्यांनी डावा डोळा मिटला आणि दुर्बीण अर्जुनाच्या फांद्यांवरून हळूहळू फिरवली.

मधल्या जाड फांदीवर ती बसली होती. पांढरं पोट, त्यावर काजळाच्या बारीक रेघा. पाठ गर्द तपकिरी. पायांत सुरवार घातल्यासारखी बोटांपर्यंत पिसं. पंजाखाली एक तितर. कावळे कानाशी किंचाळत होते आणि ती एकेक पीस उपटून वाऱ्यावर सोडत होती, राजवाड्यातल्या बाईनं पानाचा देठ खुडावा इतक्या सावकाश.

"अहो, बघा!" अंबिकाबाई ओरडल्या.

खालून उत्तर आलं नाही. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, जिन्याकडे तोंड करून. मग पुन्हा दुर्बीण लावली. "घार म्हणत होतात ना?" त्या हळूच म्हणाल्या, आणि काच ओली झाली म्हणून ती पदरानं पुसली.

फोन वाजला. मेघना होती. तिला मराठी सगळी समजे, बोले मात्र ती हिंदीच. "आई, कौए तो इतने सारे हैं, पर पिंड के पास एक भी नहीं आ रहा. बुआजी घबरा रही हैं."

फोन चालूच राहिला. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"दादाचं मन अडकलंय कशात तरी," वन्संचा आवाज. "चैतन्य, शब्द दे त्याला! मोठ्यानं बोल."

"गुरुजी, काय म्हणू?"

"मनात जे असेल ते म्हण. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा? माझ्या भावाला? मुळीच नाही! बोल तू चैतन्य."

चैतन्यनं घसा साफ केला. "बाबा, आईची काळजी करू नका. तिला आम्ही आमच्याकडे नेतो. तुम्ही सांगितलंत तसं हे घर विकून टाकतो. शब्द देतो."

अंबिकाबाईंनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. अर्जुनावर मोरघारीनं मान वर केली होती. पंख जरासे सैल केले होते. आत्ता, या घटकेला ती उडाली तर कावळे परततील, चैतन्यच्या शब्दावर पिंडाला शिवतील, आणि मग ब्रह्मदेव खाली आला तरी हा शब्द फिरणार नाही. वन्सं गावभर सांगतील. चैतन्य स्वतः मानेल. जन्मभर त्या तिसऱ्या मजल्यावरून एसीचा डबा बघायचा.

"बस," त्या पुटपुटल्या. "बस गं बाई. तू जेव निवांत. घाई कसली आहे?"

मोरघारीनं पंख मिटले आणि पुन्हा तितरात चोच घातली.

फोनमध्ये बराच वेळ नुसता कावळ्यांचा आवाज. मग वन्सं म्हणाल्या, "नाही. हे नव्हे. दुसरंच काही असणार."

"वहिनींना विचारा," गुरुजी म्हणाले. "त्यांना ठाऊक असेल."

"आई," मेघना म्हणाली, "बाबा की कोई इच्छा रह गई थी क्या? आपसे कुछ कहा था?"

दुर्बिणीतून अंबिकाबाईंना दिसलं, चौघेही वळून गच्चीकडे बघत होते. ते बघणं त्या जन्मात विसरल्या नसत्या. अडलेला नट विंगेकडे असाच बघतो. सगळं नाटक थांबलेलं असतं, आणि अंधारात उभ्या असलेल्या एका माणसाच्या ओठांवर सगळ्यांचा जीव असतो.

एकच वाक्य हवं होतं. "घर विकू नका, असं म्हणत होते." कुणी शंका घेतली नसती. चैतन्य ते वाक्य म्हणाला असता, तितर संपत आलाच होता, पाहुणी उठली असती, कावळे आले असते. बेत असा जुळला होता, की कुठल्या नाटककाराला सुचला नसता. वाक्य त्यांच्या जिभेवर आलंसुद्धा.

पण संहितेत ते नव्हतं. हरिभाऊ नेमकं उलट बोलले होते. ज्या माणसाच्या तोंडी त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं चोख दिली, त्याच्या तोंडी आता, तो नाही म्हणू शकत नाही अशा वेळी, आपलं वाक्य घालायचं? आणि मग काय, रोज गच्चीवर चढताना आठवायचं, की मी इथं एका खोट्यावर उभी आहे? लोक म्हणणार, बाबांच्या इच्छेसाठी राहिल्या बिचाऱ्या. बाबांच्या इच्छेचा काय संबंध? राहायचं मला आहे.

"थांबा," त्या फोनवर म्हणाल्या. "मी येते."

"आई, आप? यहाँ?"

त्यांनी फोन बंद केला, दुर्बीण गळ्यात घातली आणि जिना उतरल्या.

शेताचा बांध दवानं ओला होता. गुडघे प्रत्येक पावलाला तक्रार करत होते. गोठ्यापाशी उभा असलेला श्यामसुंदर धावत आला. "काए अम्मा, तुम काए खों आ गईं? हमसे कै देतीं!"

"तुला सांगून भागणार नाही रे. हात दे."

त्या तलैयापाशी पोचल्या तेव्हा वन्संनी कपाळाला हात लावला होता. "वहिनी! अहो, तुम्ही यायचं नसतं!"

"ठाऊक आहे वन्सं. रागवा, पण घरी गेल्यावर." त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून चैतन्यपुढे धरली. "डावा डोळा मीट. ती काच आंधळी आहे. अर्जुनाच्या मधल्या फांदीवर बघ."

"आई, प्लीज. ही काय वेळ आहे का?"

"हीच आहे. बघ."

आईचा तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं दुर्बीण लावली. आधी चुकीच्या फांदीवर, मग योग्य. मग त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"बाप रे. केवढी आहे! घार?"

"मोरघार. पाय बघ. घारीला अशी सुरवार नसते."

"मला बघू," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा!" वन्सं ओरडल्या.

"बघतो हो नुसतं. पिंड काही पळून जात नाही." गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे वा. जेवते आहे की."

"जेवतेच आहे," अंबिकाबाई म्हणाल्या. "ती बसलीय तोवर कावळ्यांना दुसरं काही सुचणार नाही. माझ्या कुरडयांच्या वेळी हेच होतं. ती उठली की ते खाली येतील. यांचं मन कशात अडकलेलं नाही." सगळे त्यांच्याकडे बघत होते. दासीचं वाक्य गिळून टाकणारा तोच जुना प्रकाश तोंडावर आल्यासारखं झालं. त्यांनी काठी चिखलात रोवली. "यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं, चैतन्य. इस्पितळात. मी दारात होते. घर विक म्हणाले, हिला ने म्हणाले. मी ऐकलं. काळजीनं बोलले. त्यांची इच्छा राहिलेली नाही. राहिली आहे ती माझी."

कावळे तेवढे बोलत होते.

"मी या घरात राहणार आहे. त्यांच्या तोंडून सांगितलं असतं तर तुम्ही आत्ता हात जोडून मान्य केलं असतं. पण मी माझ्या तोंडानं सांगते. ते ऐकायचं असेल तर ऐक."

"आई, पण तू एकटी... रात्री पडलीस, काही झालं तर?"

"सिव्हिल लाइन्सच्या बाथरूममध्ये पडता येत नाही का? तू बँकेत, मेघना शाळेत. तिथं तरी मला कोण बघणार, एसीचा डबा?"

मेघनाला हसू आलं. तिनं ते पदरात लपवलं.

"इथं श्यामसुंदर आहे. त्याची आई रात्री माझ्याकडे झोपायला येईल. म्हातारी घोरते, पण कालच हो म्हणाली आहे."

"हओ भैया," श्यामसुंदर लांबूनच म्हणाला. "अम्मा खों कछू नईं होन देहैं."

चैतन्य पिंडाकडे बघत राहिला. "मी बाबांना शब्द दिलाय, आई. त्यांना तिथं दिला, आत्ता इथं दिला."

"कुणाबद्दल दिलास?"

"तुझ्याबद्दल."

"मग तो माझा आहे. मला न विचारता दिलास. आता मला परत दे."

चैतन्यच्या चेहऱ्यावर जे आलं गेलं ते अंबिकाबाईंनी बघितलं. पापणी कशी हलली की माणूस अडतो हे ओळखणारी ती नजर होती. पण या वेळी त्यांनी शब्द पुरवला नाही. वाक्य त्याचं होतं, त्यालाच सापडायला हवं होतं. त्या दगडावर बसल्या आणि गुडघे चोळू लागल्या.

सगळेच मग बांधावर बसले. करणार काय? दर्भाचा कावळा वन्सं होऊ देत नव्हत्या, आणि खऱ्या कावळ्यांना वेळ नव्हता. ऊन वर आलं. गुरुजींना जांभई आली. मेघनानं सासूच्या खांद्यावर शाल टाकली. वन्संनी तोंड फिरवून ठेवलं होतं, पण थोड्या वेळानं त्या इकडे न बघताच म्हणाल्या, "दिसते कशी ती?" अंबिकाबाईंनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. वन्सं दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत राहिल्या, त्यांना काही दिसलं नसणार, तरी म्हणाल्या, "हं. ऐटीत आहे."

"दहा दिवस मी एकच विचार करतोय," चैतन्य अखेर म्हणाला, दगडाच्या दिशेनं. "की तुला काही झालं तर लोक मला काय म्हणतील. तुला काय वाटतं ते विचारायचं राहूनच गेलं." तो आईकडे वळला. "त्या मॅरेज गार्डनवाल्याला मी नाही सांगतो. पण फोन रोज करायचा, सकाळी आणि रात्री. आणि गच्चीच्या जिन्याला कठडा बसवणार. त्यावर वाद नको."

"कठडा बसव," अंबिकाबाई म्हणाल्या. "तो मलाही हवाच होता."

तेवढ्यात मोरघारीनं चोच फांदीवर घासली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. अंग झाडलं. आणि कुणाचीही परवानगी न घेता फांदी सोडली. पंख उघडल्यावर ती सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, इतक्या खालून, की पोटावरच्या काजळरेघा साध्या डोळ्यांना दिसल्या. चैतन्यनं मान वाकवली. कावळे ओरडत तिच्यामागे नाल्यापर्यंत गेले. तिथं त्यांचा उत्साह संपला, आणि एकेक करून ते परत आले. एक उतरला दगडाजवळ. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पिंडाला चोच मारली.

अंबिकाबाईंनी हात जोडले. बाकीच्यांचेही जोडले गेले.

मग वन्संना राहवेना. "पण आत्ता कोण काय म्हणालं? कशाला शिवला तो?"

"कुणी काही म्हणालं नाही वन्सं," अंबिकाबाई म्हणाल्या. "त्याला भूक लागली होती."

फाल्गुनात जिन्याला कठडा बसला. मेघनानं भांडी स्वतःच्या हातानं फळीवर परत लावली, फक्त सगळी चुकीच्या जागी. चैतन्य आता रविवारी येतो, आणि आला की चपला काढायच्या आधी गच्चीवर जातो. परवा तो वरूनच ओरडला, "आई! लवकर ये! मोरघार!"

अंबिकाबाई एका हातात चहाचा पेला घेऊन, जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश वर आल्या. दुर्बीण त्याच्याकडून घेतली. डावा डोळा मिटला.

"घार आहे रे," त्या म्हणाल्या. "शेपटीची खाच बघ."

"नक्की?"

"नक्की. तुझे बाबा उलटं चुकायचे."

त्यांनी दुर्बीण त्याच्या हातात परत दिली, पेला गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि टेकडीकडे तोंड करून बसल्या.